चीक शिजताना बोलायचं नाही

आमच्या घरात स्वयंपाक हातानं कमी आणि तोंडानं जास्त होतो. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्याबाई, भाकरीशीसुद्धा बोलतात. तव्यावर टाकली की "फुग गं बाई, काहून रुसली" असं तिला विचारतात, आणि नाही फुगली तर ज्वारीचा, ज्वारी पिकवणाऱ्याचा आणि गिरणीवाल्याचा उद्धार करतात. मी डबे भरता भरता कुकरवर, घड्याळावर आणि नवऱ्यावर आळीपाळीनं ओरडत असते. नवरा न्हाणीतून टॉवेल मागतो आणि टॉवेल मिळाला तरी बोलायचा थांबत नाही, कारण कालच्या मॅचचं बरंच सांगायचं राहिलेलं असतं. मुलगी पहिलीत आहे. ती उठते तीच मुळी वाक्याच्या मधून. "आणि मंग मॅडम म्हणल्या" असं डोळे उघडायच्या आत सुरू होतं, आणि कोणती मॅडम, काय म्हणाली, कशावरून म्हणाली, हे आपण आपलं समजून घ्यायचं.

यात भर शेजारच्या भाभींची. त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच. त्यांच्या घरात उर्दू बोलतात, आमच्याशी त्या दोन्ही भाषा एकत्र कालवून बोलतात आणि आम्हालाही आता वेगळ्या काढता येत नाहीत. त्या सालन म्हणजे रस्सा द्यायला येतात आणि वाटी हातात धरून अर्धा अर्धा तास उभ्या राहतात. बसा म्हटलं तर म्हणतात, "बैठने को टाइम किधर है."

या सगळ्या बाजारात पिठाच्या डब्याला टेकून माझा मुलगा बसलेला असायचा. तीन वर्षांचा होत आला होता. गुटगुटीत, शांत, जे समोर येईल ते खाणारा. बटाटा सोलताना साल खाली पडलं की उचलून मला द्यायचा. सगळं ऐकायचा, सगळं कळायचं. फक्त बोलायचा नाही. आई नाही, पप्पा नाही, एक अक्षर नाही.

त्याला बोलायची गरजही पडायची नाही म्हणा. त्याची बहीण होती ना. त्यानं नुसती मान वळवली की ती जाहीर करायची, "त्याला पाणी पाह्यजे." त्यानं नाक चोळलं की "त्याला आज डाळ नको, त्याला गूळ-पोळी पाह्यजे." गूळ-पोळी तिलाच पाहिजे असायची, हे मला दिसत होतं, पण तो निमूटपणे अर्धी खायचा, त्यामुळे पुरावा नव्हता.

उपाय सगळे झाले. आत्याबाईंनी मधात वेखंड उगाळून चाटवलं. माझ्या माहेरून, आष्टीहून, वडिलांनी पोपटानं टोचलेला पेरू शोधून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवला. तो खाल्ला की लेकरू पोपटासारखं बोलतं म्हणतात. भाभी कुठूनशा दुवा पढून फुंकर मारलेल्या पाण्याची बाटली घेऊन आल्या. माझ्या लेकानं वेखंड चाटलं, पेरू बियांसकट खाल्ला, पाणी प्यायलं आणि आणखी असेल तर द्या म्हणून हात पुढं केला. त्याच्याकडून सहकार्यात काही कमी नव्हतं.

डॉक्टरांकडेही गेलो. आम्ही सगळे गेलो, कारण सगळ्यांना काही ना काही सांगायचं होतं. डॉक्टरांनी त्याच्या मागं उभं राहून टाळी वाजवली, त्यानं वळून पाहिलं. मग त्याला मांडीजवळ घेऊन त्यांनी प्रेमानं नाव विचारलं. मुलीनं नाव सांगितलं. आत्याबाईंनी आडनाव सांगितलं आणि गाव पिंपळगाव रेणुकाई हेही सांगितलं. मी जन्मतारीख सांगितली. नवरा म्हणाला की लहानपणी तोही उशिराच बोलला होता, त्यावर आत्याबाई म्हणाल्या की अजिबात नाही, तू नवव्या महिन्यापासून डोकं खात होतास. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कान चांगले आहेत म्हणाले. उन्हाळाभर वाट पाहू, नाहीतर संभाजीनगरला वाचा शिकवणाऱ्या बाईंना दाखवू.

मला भीती वाटत होती. खरं सांगायचं तर दुसरं काही वाटतच नव्हतं. आणि मला भीती वाटली की मी जास्त बोलते. त्या महिन्यांत मी इतकी बोलले की नवरा दुकानातून फोन करायचा आणि काही न बोलता फक्त "हं, हं" करत माल मोजायचा. लोकांची लेकरं "आई" म्हणून हाक मारून वात आणतात, आणि मला बाजारात कुठल्याही पोरानं "आई" म्हटलं की मी वळून पाहायची. एकदा भाजीवाल्याच्या पोरीला मी चक्क "काय गं" म्हणाले. ती तिच्या आईला हाक मारत होती. मी उगाच दोन जुड्या मेथी घेऊन घरी आले.

अशात कुरडयांचे दिवस आले.

कुरडया माहीत नाहीत असं मराठी माणूस विरळा. पण तळून ताटात आलेली कुरडई माहीत असणं वेगळं आणि तिच्यापायी घरभर सुटलेला वास माहीत असणं वेगळं. गहू तीन दिवस भिजत घालायचे. तिसऱ्या दिवशी असा आंबूस वास सुटतो की पाहुणे चहा न घेता जातात. मग ते वाटायचे, पिळायचे, गाळायचे. रात्रभर ठेवलं की पांढराशुभ्र चीक खाली बसतो आणि निवळ पाणी वर येतं. ते ओतून द्यायचं, आणि सकाळी ऊन तापायच्या आत चीक उकळत्या आधणात सोडून हाटायचा. एकानं धार धरायची, एकानं चाटू फिरवायचा. चाटू म्हणजे आमच्याकडचा लाकडी डाव, वल्ह्याएवढा. हात जरा थांबला की गाठी. आणि गाठीचा चीक सोऱ्यातून उतरत नाही. तो सोऱ्याच्या भोकांत अडकतो आणि दाबणाऱ्याचे खांदे उतरतात.

आता आत्याबाईंचा नियम. चीक शिजताना घरात कोणी बोलायचं नाही. त्यांच्या सासूनं पिंपळगावात तो घालून दिला होता आणि त्यांनी आयुष्यभर पाळला. तोंड चालू झालं की हात थांबतो, असं त्यामागचं शास्त्र. पण त्यांच्यासाठी ते शास्त्राच्या पलीकडचं होतं, व्रतच म्हणा ना. वर्षभर भाकरीशी बोलणारी ही बाई त्या सकाळी ओठ मिटायची ते चीक उतरेपर्यंत. आमच्या आष्टीकडं असलं काही नाही. आमच्याकडं बायका चीक हाटताना साऱ्या गावाची उणीदुणी काढतात आणि कुरडया तरीही चांगल्या होतात, असं मी लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात बोलून दाखवलं होतं. आत्याबाईंनी तेव्हा धुवायचं गाळणं माझ्या हातात दिलं. आष्टीच्या कुरडया त्यांनी खाल्लेल्या होत्या.

त्या वर्षी पंचाईत अशी झाली की आत्याबाई होळीच्या सुमाराला अंगणात घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. चाटू माझ्या हाती आला. इतकी वर्षं मी त्या घरात गाळणं धुवायच्या पदावर होते, आणि आता एकदम चाटू. चार दिवस आधीपासून त्या मला तयार करत होत्या. धार कशी, हात कसा, कडेनं कसं खरवडायचं. आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी डाव्या हाताचं बोट ओठांवर ठेवून माझ्याकडं रोखून पाहायच्या.

सकाळी सगळे जागेवर. नवऱ्याला गच्चीवर पिटाळलं. जुनी सुती लुगडी अंथरायची आणि त्यांच्या कडांवर विटा ठेवायच्या, एवढं काम त्याला दिलं होतं. सगळ्यांचे मोबाइल तांदळाच्या डब्यात घातले. भाभी धार धरायला आल्या आणि दारातच त्यांनी पदर तोंडात कोंबला, कारण स्वतःवर त्यांचा भरवसा नव्हता. मुलीच्या तोंडात आत्याबाईंनी गुळाचा असा खडा घातला की दोन्ही गाल वर आले. मुलाला गुळाची गरज नव्हती, तरी भेदभाव नको म्हणून त्यालाही दिला. आणि त्याला मध्ये मध्ये यायला नको म्हणून मी खड्या मिठाची वाटी त्याच्या हातात दिली. हे धर, सांडू नको, सांगितलं. त्याला काम दिलेलं आवडायचं. वाटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून तो पिठाच्या डब्याला टेकून बसला.

आधण उकळलं. मी हिंग घातला, तेल घातलं. आत्याबाईंनी मान हलवली आणि बोट ओठांवर ठेवलं.

आमच्या घरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. आधणाचा आवाज येत होता. मागच्या मोसंबीच्या झाडावर कोणतासा पक्षी ओरडत होता. तो कदाचित रोजच ओरडत असेल. भाभींनी वाकून धार धरली, मी चाटू फिरवायला लागले. पांढरं पांढरं घट्ट व्हायला लागलं, हाताला ओढ लागायला लागली. मला वाटलं जमतंय. मला हसू येत होतं, मुलीला माझं पाहून हसू येत होतं आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यातून गुळाचा ओघळ फ्रॉकवर चालला होता. भाभींच्या पदराआडून एक बारीक घुसमटलेला आवाज आला. आत्याबाईंनी डोळे वटारले. आम्ही तिघी शाळेतल्या मागच्या बाकावर बसल्यासारख्या थरथरत होतो.

तेवढ्यात माझा गाऊन कोणीतरी ओढला. मी पाहिलं नाही. पाहिलं की हात थांबला असता. मग मुलगा बहिणीकडं गेलेला डोळ्यांच्या कडेनं दिसला. त्यानं तिला वाटी दाखवली. एरवी तिनं एव्हाना भाषण केलं असतं. पण तिच्या तोंडात गूळ आणि समोर आज्जी. तिनं नुसती मान हलवली. तो आज्जीकडं गेला. आज्जीनं बोट ओठांवर ठेवलं. तो भाभींकडं गेला, भाभींचे दोन्ही हात पातेल्याला. तो स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला आणि त्यानं एकेकीकडं पाहिलं. मग तोंडातला गुळाचा खडा काढून त्यानं मुठीत घेतला.

"मीठ," तो म्हणाला.

कापरा, कोवळा, बोबडा असा काही आवाज मी इतके महिने मनात ऐकत होते. तसा तो नव्हताच. जाडाभरडा होता, घसा बसलेल्या माणसाचा, आणि त्यात वैताग होता. आधणात मीठ घालायचं मी विसरले होते.

माझा हात थांबला. भाभींची धार थांबली नाही. सगळा चीक एकदम भदाभद पातेल्यात पडला. मला बोलायचं होतं आणि येत नव्हतं, जन्मात पहिल्यांदा. तो माझ्याकडं पाहत होता. त्याला वाटलं असावं की ही बाई बहिरी आहे. तो पुढं आला, त्यानं वाटी माझ्या पोटावर आदळली आणि पुन्हा, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं करून म्हणाला, "आई. मीठ."

व्रत मोडलं ते आत्याबाईंनी.

"मंग टाक की मीठ," त्या माझ्यावर खेकसल्या. "लेकरू कव्हाचं सांगून राह्यलं, ऐकू येईना का तुला?"

आणि मग बांध फुटला. भाभी पदर काढून हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या, "बोला, मेरा बच्चा बोला," असं भिंतीपलीकडच्या त्यांच्या सासूला ऐकू जाईल अशा आवाजात. मुलगी गूळ थुंकून सांगायला लागली की त्याला मीठच म्हणायचं होतं, तिला आधीच माहीत होतं. मी काय बोलत होते ते मला आठवत नाही, पण खूप बोलत होते. मी मीठ टाकलं. त्या गोंधळात भाभींनीही टाकलं. आत्याबाईंनी डाव्या हातानं टाकलं की नाही हे त्या अजून कबूल करत नाहीत.

नवरा गच्चीवरून वीट हातात घेऊनच धावत आला. त्याला वाटलं सिलिंडर पेटला. काय झालं, त्यानं विचारलं, आणि आम्ही चौघींनी एकदम सांगितलं. त्याला काही कळलं नाही. पुन्हा सांगितलं, आणखी मोठ्यानं. शेवटी तो वीट ठेवून मुलापुढं बसला आणि म्हणाला, "काय म्हणालास रे तू?"

मुलानं तोंड उघडलं. "तो मीठ म्हणाला," मुलगी म्हणाली. "दोनदा," मी म्हणाले. "त्याच्यात आई पण म्हणाला," भाभी म्हणाल्या. मुलानं तोंड मिटलं. त्यानं पुन्हा उघडलं, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या की नवरात्रात रेणुकाईला खण-नारळ. त्यानं पुन्हा मिटलं.

ते मिटलेलं तोंड आम्हा सगळ्यांना एकदमच दिसलं असणार. कारण एकेक करून आम्ही थांबलो. आधी नवरा, मग भाभी, मग मी. आत्याबाईंनी मुलीच्या तोंडावर तळहात ठेवला. पुन्हा मघासारखी शांतता झाली. पातेल्यात चीक फदफदत होता आणि बुडाला लागल्याचा वास येत होता. पातेलं कोणी उतरवलं नाही. मुलगा आमच्याकडं पाहत होता, आम्ही त्याच्याकडं. त्याला घाई नव्हती. त्यानं पातेल्याकडं बोट केलं.

"चीक," तो म्हणाला. "दे."

गरम चीक दूध-साखर घालून खायचा असतो. कुरडया करण्याचं खरं कारण लेकरांच्या दृष्टीनं तेवढंच. मी त्याला वाटीभर दिला. त्यात गाठी होत्या, तो करपट होता आणि दूध-साखरेखालूनसुद्धा खारट लागत होता. त्यानं चाटूनपुसून खाल्ला, आणि आम्ही सगळे जमिनीवर बसून त्याला खाताना पाहत होतो. माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. आनंदानं वेड लागतं म्हणतात ते खरं आहे. मी आणि भाभी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होतो, आणि हसण्याचं कारण कोणी विचारलं असतं तर "मीठ" एवढंच सांगता आलं असतं.

उरलेला चीक आम्ही सोऱ्यात भरला. सोऱ्या नवऱ्यानं दाबला, मग भाभींच्या मालकांनी दाबला, मग दोघांनी मिळून दाबला. गच्चीवर ज्या पडल्या त्यांना कुरडया म्हणायला धीर लागतो. तळल्यावर त्या फुलल्या, पण एका अंगानं. वर्षभर पाहुण्यांच्या ताटात गेल्या. एक तुकडा तोडला की पाहुणे पाण्याचा तांब्या जवळ ओढायचे. एका मावशींनी कुरडई खारट झाल्याचं सांगितलं, तेव्हा आत्याबाई ताठ बसून म्हणाल्या की मीठ बराबर आहे, आमच्या नातवाच्या सांगण्यावरून टाकलंय.

त्या सकाळनंतर आमच्या घरात एक नवी रीत पडली. ठरवून नाही, आपोआप. रोज सकाळी पहिली भाकरी तव्यावर पडली की सगळे गप्प होतात, ती फुगेपर्यंत. तेवढा वेळ त्याचा. सुरुवातीला मुलीला हे फार जड गेलं; ती तोंडावर दोन्ही हात दाबून धरायची आणि डोळ्यांनी बोलायची. आत्याबाई भाकरीला रागे भरायच्या त्याही तेवढ्यापुरत्या थांबल्या. तो कधी एक शब्द बोलायचा, कधी दोन. मिरची. चिमणी गेली. पप्पा कुठं. संभाजीनगरच्या बाईंकडं आम्ही तरीही गेलो; त्यांनी त्याला विचारलं आणि आम्ही चौघं ओठ दाताखाली धरून बसलो. त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, आणि विचारलं नव्हतं तरी आदल्या दिवशी भेंडी चिकट झाली होती हेही सांगितलं.

आता तो चार वर्षांचा आहे आणि त्याला थांबवणं कोणाच्या बापाला शक्य नाही.

यंदाही गहू भिजले, वास सुटला, पाहुणे चहा न घेता गेले. आत्याबाईंचा हात बरा झालाय. चाटू त्यांनी परत घेतला आणि मी पुन्हा गाळण्यावर आले, तक्रार नाही. मोबाइल डब्यात गेले. भाभींनी पदर कोंबला. मुलीनं गुळाचा खडा स्वतःहून मागून घेतला, मोठा. मुलानं गूळ खाऊन टाकला आणि पातेल्याजवळ उभा राहून सुरू झाला. पाणी का नाचतंय. गहू पांढरा कसा झाला. आज्जी, तुला बोलता का येईना.

आम्ही सगळ्या आत्याबाईंकडं पाहत होतो. त्यांचे ओठ मिटलेले, चाटू फिरत होता. इतक्या वर्षांचा नेम होता त्यांचा. त्यांच्या सासूनं दिलेला. आधण उकळताना मीठ त्यांनी स्वतः घातलं होतं, मूठ मोजून, माझ्यासमोर. मुलानं त्यांचं लुगडं ओढलं.

"आज्जी, मीठ टाकलं का?"

चाटू थांबला नाही. आत्याबाईंनी खाली वाकून त्याच्याकडं पाहिलं.

"न्हाई रे राजा," त्या म्हणाल्या. "बरं झालं तू सांगितलं."

आणि त्यांनी डावा हात मिठाच्या वाटीत घातला, बोटं जुळवली आणि पातेल्यावर नेऊन सोडली. मी शेजारीच उभी होते. त्यांच्या चिमटीत काही नव्हतं.